ओठ वर करून बघा

तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर आडवं घेऊन त्याचा वरचा ओठ अंगठ्याने हलकेच वर केला, की समोरचे चार दात हिरडीपर्यंत दिसतात. हिरडीला लागून, खडूने रेघ ओढावी तशी पांढरी, निस्तेज पट्टी दिसली तर ती किडीची पहिली खूण. निरोगी दुधाचा दात चकचकीत असतो. ही पट्टी दात ओला असताना लपते आणि कापसाने टिपला की उठून दिसते. या वेळी मुलाला काहीच दुखत नसतं, त्यामुळे घरात कुणाचं लक्ष जात नाही. पुढच्या काही महिन्यांत पट्टी पिवळट होते, मग तपकिरी, दाताच्या कडा तुटू लागतात आणि मूल पहिलीत जाईपर्यंत समोर काळे खुंट उरतात. पट्टी पांढरी असेपर्यंत मात्र दात पुन्हा सुधारू शकतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, इंजेक्शन लागत नाही. ओठ वर करून बघणारं माणूस लागतं, गोड खाण्याच्या वेळा कमी कराव्या लागतात आणि रोज थोडी फ्लोराइडची टूथपेस्ट लागते.

हे माणूस दंतवैद्यच असलं पाहिजे असं नाही. पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत दंतवैद्याची वाट बघत बसलं तर उशीर ठरलेलाच. मूल त्याच्यापर्यंत पोचतं तेव्हा गाल सुजलेला असतो, रात्रभर कुणी झोपलेलं नसतं आणि दात काढण्याखेरीज फारसं काही हातात उरलेलं नसतं. मुलाची दंतवैद्याशी पहिली ओळख अशी झाली की ते पुन्हा त्या दारात पाऊल टाकत नाही. मोठं झाल्यावर आपल्या मुलांनाही नेत नाही.

या दोन तालुक्यांची रचना लक्षात घेतल्याशिवाय इथल्या मुलांच्या दातांचं काय होतं ते कळायचं नाही. किनाऱ्याला धाकटी डहाणू, वरोर, चिंचणी, झाई अशी मच्छीमारांची गावं. आतल्या अंगाला वारली, कोळी, धोडिया, दुबळा, काथोडी यांचे विखुरलेले पाडे. धाकट्या डहाणूसारख्या गावात घरचा पुरुष बोटीवर, बाई मासळीच्या पाटीमागे. बाजार पहाटेचा, म्हणून मूल जागं होतं तेव्हा आई घरात नसते. पाड्यांवर आईबाप चिकूच्या वाडीत, नाहीतर भाताच्या कामावर, नाहीतर दिवाळीनंतर थेट वीटभट्टीवर. तलासरीकडचे कितीतरी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्महिने घराबाहेर असतात. दोन्हीकडे दिवसभर मूल सांभाळते ती आजी किंवा थोरली बहीण. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला तिच्या हाताशी काय असतं? चहात बुडवलेलं बिस्कीट, गोळी, पाच रुपयांचा वेफर्सचा पुडा, उन्हाळ्यात ‘पेप्सी’ म्हणतात त्या रंगीत बर्फाच्या नळ्या. आजीचं प्रेम त्यात असतं आणि तिची अडचणही असते. तिला दोष देऊन सुरू होणारा कुठलाही कार्यक्रम पहिल्याच दिवशी फसेल.

दात किडतो कसा, ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू असतात. त्यांतले काही, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचे, दातावर चिकट थर करून राहतात आणि आपण खाल्लेल्या साखरेचं आम्ल करतात. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच हे आम्ल वाढतं. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर तोंडाचा आकडा साधारण 7 असतो, तो 5.5च्या खाली उतरला की दाताच्या कठीण आवरणातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुते आणि त्याचा जोर मोडते, आणि अर्ध्या ते एका तासात विरघळलेली खनिजं दातात परत बसू लागतात. लाळेत थोडं फ्लोराइड असलं तर ही भरपाई लवकर होते आणि नव्याने बसलेला थर आम्लाला आधीपेक्षा जास्त टक्कर देतो. हा जमाखर्च दिवसभर चालू असतो. खर्च जास्त झाला की पांढरी पट्टी, तसाच चालू राहिला की खड्डा.

म्हणूनच साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली, याला महत्त्व आहे. जेवणाबरोबर एकदा गोड खाल्लं तर दातावर आम्लाचा एकच मारा होतो. तेवढंच गोड गोळ्या-बिस्किटांच्या रूपाने दिवसभर चघळलं तर मारा सहा-आठ वेळा होतो आणि लाळेला उसंत मिळत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत 1940च्या दशकात हे प्रयोगाने सिद्ध झालं. तिथल्या मतिमंद रुग्णांना त्यांच्या संमतीशिवाय जेवणांच्या मधे चिकट टॉफी खायला दिली आणि त्यांचे दात किडू दिले. आज तो प्रयोग अमानुष म्हणूनच आठवला जातो. त्या माणसांचे दात गेले आणि त्यातून मिळालेलं ज्ञान अजूनही पाच वर्षांच्या मुलापर्यंत पोचलेलं नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

झोपताना तोंडात बाटली, हा याचा सगळ्यात वाईट प्रकार. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. साखर घातलेलं दूध किंवा चहा रात्रभर वरच्या दातांभोवती साचून राहतो. खालचे समोरचे दात जिभेखाली झाकलेले असतात, म्हणून ते बहुधा वाचतात. वरचे किडलेले आणि खालचे शाबूत असं तोंड पाहिलं की रात्रीच्या बाटलीची चौकशी करायची, हे कुणाही अंगणवाडी ताईला पाच मिनिटांत शिकवता येतं.

चिकूच्या प्रदेशात चिकूबद्दल विचारणा होणारच. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि वाड्यांतून मुलांच्या हाती तो सहज पडतो. अख्खं ताजं फळ खाल्लं तर चिंता नाही. त्यातली साखर गरात बांधलेली असते, चावताना लाळ सुटते. सुकवलेल्या चिकूच्या चकत्या आणि चिकूची मिठाई मात्र दाढांच्या खाचांत अडकून बसते. ती जेवणाबरोबर खावी, येताजाता नको. सुकट, बोंबील, नागलीची भाकरी, उकडलेलं अंडं, काकडी, शेंगा या घरच्या खाण्याला दातांच्या बाजूने काहीच हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत हवी आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1,200 उष्मांक लागतात असं धरलं, तर 5 टक्के म्हणजे 15 ग्रॅम, जेमतेम चार चहाचे चमचे. सकाळचा गोड चहा आणि एक बिस्किटाचा पुडा यातच हा वाटा संपतो.

“दुधाचेच तर दात, पडणारच आहेत,” हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. दुधाचे दात 20. पहिला सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, शेवटच्या दुधाच्या दाढा पडतात त्या दहाव्या-बाराव्या वर्षी. म्हणजे दोन वर्षांच्या वयात आलेली दाढ मुलाला आठ-दहा वर्षं चावायला वापरायची असते. मूल सगळ्यात जास्त वाढतं ती हीच वर्षं. शिवाय दुधाची दाढ खाली येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवते. ती अवेळी काढली तर शेजारचे दात सरकतात आणि पुढचे वेडेवाकडे येतात. आणखी एक गोष्ट बहुतेक आईबापांना माहीत नसते. सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता चार नव्या दाढा उगवतात. दात पडला नाही म्हणून त्याही दुधाच्याच असं समजून सोडून दिल्या जातात. त्या पक्क्या असतात, आयुष्यभराच्या असतात, त्यांच्या खाचा खोल असतात आणि ब्रश तिथवर पोचत नाही. बारा वर्षांच्या मुलाची पहिली किडलेली पक्की दाढ बघितली तर ती बहुतेक वेळा हीच असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार जगात 51 कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आपल्याकडे 2002-03 मध्ये झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले आढळले, आणि पंधरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 63 टक्क्यांवर गेलं होतं. तेव्हा पाच रुपयांचा पुडा पाड्यापाड्यावर पोचलेला नव्हता.

पालघर जिल्ह्यात कुपोषणाची चर्चा नेहमी होते, पण वजनकाट्यावर बसवलेल्या मुलाचं तोंड उघडून बघणं त्या चर्चेत क्वचितच येतं. दाढ ठणकत असली तर मूल भाकरी चावत नाही, भाताचा घोळ गिळतं किंवा बिस्कीट मागतं, कारण ते चहात मऊ होतं. रात्री झोपत नाही. किडलेल्या दाताच्या मुळाशी पू साचला की शरीराची ताकद त्याच्याशी झुंजण्यात खर्च होते. उलट्या बाजूनेही हे खरं आहे. दुधाच्या दातांचं कठीण आवरण आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास बनू लागतं. आई उपाशी असली, मूल सतत आजारी राहिलं, तर दाताचं आवरण मुळातच कच्चं बनतं आणि लवकर किडतं. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या लहान मुलांवर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाकिटातलं खाणं, गंभीर दंतक्षय आणि कुपोषण हे तीन प्रश्न एकत्रच तपासले गेले. पुड्यातलं खाणं पोट भरल्यासारखं करतं, दात किडवतं, मग किडलेले दात खरं जेवण खाऊ देत नाहीत. कमी वजनाच्या प्रत्येक मुलाच्या नोंदीत दातांचा एक रकाना असलाच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

मग हे काम करायचं कुणी? याचं उत्तर शोधायला डहाणूकरांना दूर जायला नको. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. अंगणवाडीची ही कल्पना इथे रुजली आणि 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने ती देशभर नेली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. सन्मानांपेक्षा मला त्यांच्या कामाची दिशा मोलाची वाटते: जिथे मूल आहे तिथे जायचं, आणि शरीराची निगा शिकवायची ती रोज, सगळ्यांनी मिळून, आनंदाने.

दातांना नेमकं हेच हवं आहे. एका दिवसाच्या शिबिराने दात वाचत नाहीत. शिबिरात रांग लागते, दात तपासले जातात, ब्रश वाटले जातात, फोटो निघतात. पुढे घरात पाच माणसांत एक ब्रश उरतो, टूथपेस्ट संपल्यावर पुन्हा विकत आणली जात नाही, आणि तपासणीत सापडलेला किडका दात किडकाच राहतो. वर्षातून एकदा वाटलेल्या ब्रशापेक्षा वर्षातून तीनशे दिवस अंगणवाडीत घासलेले दात कितीतरी पटींनी बरे.

हे जगात करून पाहिलेलं आहे. स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल कार्यक्रमात बालवाड्यांमधून रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली दात घासून घेतले जातात. शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांपैकी दातांत उघड कीड नसलेली मुलं 2003 मध्ये 45 टक्के होती. 2020 मध्ये ती 73 टक्क्यांवर गेली. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण फिलिपिन्सचं. तिथल्या सरकारी शाळांनी 2008 पासून ‘फिट फॉर स्कूल’ कार्यक्रमात तीन गोष्टी एकत्र बांधल्या: साबणाने हात धुणं, फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासणं आणि वर्षातून दोनदा जंताचं औषध. हात धुवायला मुलं रांगेत उभी राहतातच, त्याच रांगेत दात घासायचे. वेगळा माणूस नको, वेगळी इमारत नको. भोकं पाडलेल्या एका आडव्या नळीतून दहा मुलांना एकदम पाणी मिळतं.

अंगणवाडीत हे कसं चालेल ते नीट सांगतो. प्रत्येक मुलाचा ब्रश वेगळा आणि त्यावर त्याची खूण: मासा, होडी, कोंबडा, ताडाचं झाड. वाचता न येणाऱ्या मुलालाही आपला ब्रश ओळखता येतो, आणि वारली चित्रांच्या या मुलखात खुणा काढून देणारे हात शोधावे लागणार नाहीत. ब्रश उभे, एकमेकांना न लागता, झाकलेल्या पण हवा लागणाऱ्या ठिकाणी ठेवायचे. टूथपेस्ट ताईनेच लावायची. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लावायची नाही, कारण लहान मूल ती गिळतं आणि जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर येणाऱ्या पक्क्या दातांवर डाग पडतात. दोन मिनिटं गाणं म्हणत घासायचं, मग थुंकायचं. चूळ भरायची नाही. चूळ भरली की दातांवर राहिलेलं फ्लोराइड वाहून जातं, आणि पाणीही वाया जातं. टँकरची वाट बघणाऱ्या पाड्यालासुद्धा हे परवडतं.

खर्चाचा हिशेब करून पाहू. 30 मुलांची अंगणवाडी धरा. वाटाण्याएवढी टूथपेस्ट म्हणजे सुमारे पाव ग्रॅम. 30 मुलांना दिवसाला साडेसात ग्रॅम. 200 ग्रॅमची एक ट्यूब महिनाभर पुरते. ट्यूबला सव्वाशे रुपये धरले तर वर्षाचे दीड हजार. ब्रश दर तीन महिन्यांनी बदलायचा, म्हणजे वर्षाला 120 ब्रश. एकाला 15 रुपये धरले तर 1,800. एकूण 3,300 रुपये, मुलामागे वर्षाला 110. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे अबंध निधी असतो. डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने इथल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याखालचा 5 टक्के निधीही मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हे त्याच्या खर्चाचे मान्य विषय आहेत. पैसा नाही म्हणून हे अडलेलं नाही. ग्रामसभेत हा विषय कुणी मांडलेला नाही म्हणून अडलेलं आहे.

टूथपेस्ट निवडताना पाकिटावर फ्लोराइड किती ते वाचायचं. भारतात कमाल मर्यादा 1,000 पीपीएम आहे. त्याच्या जवळपासची घ्यायची. चव-रंगाच्या अनेक ‘मुलांच्या’ टूथपेस्टमध्ये याच्या निम्मंच फ्लोराइड असतं. फ्लोराइडची भीती काही जणांना वाटते, आणि ती हवेतून आलेली नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे माणसांचे दात नि हाडं बिघडलेली आहेत. रोज लिटरभर पोटात जाणारं पाणी आणि दातावर लावून थुंकलेली पाव ग्रॅम टूथपेस्ट यांत फार अंतर आहे. तरीही गावातल्या पिण्याच्या पाण्याची एकदा तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

करंजाची, बाभळीची, कडुनिंबाची काडी चघळून दात घासायची इथली जुनी पद्धत वाईट नाही. काडीने थर निघतो, तोंड स्वच्छ वाटतं. पण तीन वर्षांच्या मुलाला काडी वापरता येत नाही आणि काडीत फ्लोराइड नसतं. राखुंडी आणि खरखरीत लाल मंजनाने दातांचं आवरण झिजतं. मशेरीबद्दल मात्र सौम्य बोलण्यात अर्थ नाही. ती भाजलेली तंबाखू आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर देशात 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा पोचत नाही. आजीला मशेरी लावताना बघून नात बोट पुढे करते आणि दाढ दुखली की तिच्या हिरडीवर तीच मशेरी दाबली जाते. दुखणं घटकाभर बधिर होतं आणि सवय लागते. अंगणवाडीतल्या मातांच्या बैठकीत बोलायचं असेल तर आधी याबद्दल बोलावं.

ज्या दातांत खड्डे पडून गेले आहेत, त्यांचं काय करायचं? गेल्या काही वर्षांत इथे खरी वाट खुली झाली आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे पाण्यासारखं पातळ औषध 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. चांदी जिवाणूंना मारते, फ्लोराइड मऊ झालेला दात कडक करतं. करायची पद्धत एवढीच: मुलाच्या ओठांना व्हॅसलीन लावायचं, कारण हे औषध कातडीवर सांडलं तर काही दिवस डाग राहतो, दात कापसाने कोरडा करायचा, इवल्या ब्रशाने एक थेंब खड्ड्यात लावून मिनिटभर धरायचा. टोचणं नाही, कोरणं नाही, वीज लागत नाही. वेगवेगळे अभ्यास एकत्र पाहिले तर दहांपैकी साधारण आठ खड्ड्यांमध्ये कीड जिथल्या तिथे थांबते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा लावलं तर परिणाम टिकतो. अडचण एकच आहे: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आईला हे आधी सांगायलाच हवं, दुसऱ्या मुलाचा काळा पण कडक झालेला दात दाखवून सांगितलं तर जास्त चांगलं. न सांगता लावलं तर ‘औषधाने दात जाळला’ अशी बातमी संध्याकाळच्या आत पाडाभर होईल आणि पुढच्या वेळी कुणी मूल आणणार नाही. दात मुळापर्यंत गेलेला असेल, पू असेल, तर मात्र हे औषध चालत नाही. तिथे दंतवैद्यच हवा.

ज्यांचे दात अजून शाबूत आहेत किंवा पांढऱ्या पट्टीवर आहेत, त्यांच्यासाठी फ्लोराइड वार्निश. हा चिकट लेप वर्षातून दोनदा दातांवर फिरवायचा. कॉक्रेन संस्थेच्या 2013च्या आढाव्यानुसार वार्निशने दुधाच्या दातांतली कीड सरासरी 37 टक्क्यांनी आणि पक्क्या दातांतली 43 टक्क्यांनी कमी होते. सहाव्या वर्षीच्या नव्या दाढांच्या खाचा ग्लास आयोनोमर सिमेंटने बुजवून टाकता येतात. तेही शाळेच्या बाकावर, बोटाने दाबून.

हे शाळा-अंगणवाडीत नेणारी यंत्रणा नव्याने उभारायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच 6 फेब्रुवारी 2013 ला पालघरमध्ये झाली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, आणि ज्या आजारांची तपासणी करायची त्यांत दंतक्षय आहे. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, तलासरीला ग्रामीण रुग्णालय. तपासणी आणि रुग्णालय यांच्या मधल्या वाटेवर मात्र मूल हरवतं. चिठ्ठी मिळते, पण पाड्यावरून रुग्णालयात जाणं म्हणजे एका माणसाची मजुरी बुडणं, दोघांचं गाडीभाडं, आणि गेल्यावर उद्या या असं ऐकायची शक्यता. तपासणीच्या दिवशीच, त्याच ठिकाणी वार्निश आणि डायमाइन फ्लोराइड लावलं गेलं तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या लिहाव्याच लागणार नाहीत. उरलेल्या मुलांना महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी आशाताईबरोबर एका गाडीने नेता येईल.

दुकानाचा भाग गावाने हातात घ्यायचा आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020चा नियम आहे. त्याची अंमलबजावणी करायला मुंबईहून कुणी येणार नाही. या किनाऱ्यावरच्या गावांनी वाढवण बंदराच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं एकत्र येऊन आपलं म्हणणं मांडलं आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद केली आहेत. शाळेच्या फाटकासमोरच्या दुकानदाराशी बोलणं त्यापेक्षा नक्कीच सोपं आहे. तो गावातलाच, बहुधा कुणाचा तरी काका. त्याने गोळ्यांच्या बरण्या मागे ठेवाव्यात आणि पुढे शेंगदाणे, फुटाणे, केळी, उकडलेली अंडी ठेवावीत, एवढं मागणं आहे. अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडी आणि केळी मिळतातच. ती मिळण्यात खंड पडत नाही ना, हेही पालकांनी बघावं. अंडं वेळेवर मिळालेलं मूल पुडा कमी मागतं.

आणि वेळापत्रक. इथली मुलं वर्षभर एका जागी नसतात. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात आणि पावसाच्या आधी परततात. जानेवारीत अंगणवाडीत पथक आलं तर नेमकी ज्यांना गरज जास्त तीच मुलं पटावर असतात, समोर नसतात. म्हणून पाड्यांवर लेप लावायची पहिली फेरी दसऱ्याच्या आत आणि दुसरी जूनमध्ये ठेवावी. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाबरोबर मुलाचा ब्रश, एक ट्यूब आणि ‘या मुलाचे अमुक दात तपासलेत’ असं कार्ड द्यावं. धाकट्या डहाणूत आणि झाईत हिशेब वेगळा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि बाप, काका, आजोबा सगळे घरी असतात. पालकांची बैठक, दुकानदारांशी बोलणी, ब्रश ठेवायच्या फळ्या ठोकणं, नळी बसवणं ही कामं त्या दोन महिन्यांत उरकतील, आणि दात घासायला शिकवणं हे एकट्या आईचं काम राहणार नाही. आश्रमशाळांत तर मुलं महिनोन्महिने एकत्रच राहतात. तिथे रात्री झोपण्याआधीचं दात घासणं अधीक्षकांनी रोजच्या हजेरीसारखं घेतलं तर दुसऱ्या कशाचीही वाट बघावी लागत नाही.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरते आणि पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याचं काम तिथून सुरू होतं. रस्ता, गटार, समाजमंदिर यांच्याबरोबर ‘अंगणवाडीत रोज दात घासणे, वार्षिक खर्च 3,300 रुपये’ ही ओळ आराखड्यात लिहून घ्यायला अंगणवाडी ताई, आशाताई आणि दोन-चार आया उभ्या राहिल्या तरी पुरे. ठरावाबरोबर त्या दिवसापर्यंत ओठ वर करून बघितलेल्या मुलांची यादी जोडावी: किती जणांना पांढरी पट्टी, किती जणांना खड्डे, किती जणांना पू. पुढच्या वर्षीच्या ग्रामसभेत तीच यादी पुन्हा वाचायची.